गरम जॉबचं माप

तंत्रशिक्षणातील माझ्या सहकाऱ्यांनो, आणि शेवटच्या रांगांत जाऊन बसलेल्या वर्कशॉपमधल्या निदेशक मंडळींनो,

मघाशी मी तुम्हाला पुढे बोलावलं, तुम्ही संकोचलात. आजचं माझं बोलणं मुख्यतः तुमच्याविषयी आहे, म्हणून पुन्हा एकदा विनंती करतो. पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, या.

मी चौतीस वर्षं उत्पादन अभियांत्रिकी शिकवली. त्यातली एक दुपार सांगतो. दुसऱ्या वर्षाची बॅच लेथवर होती. 50 मिमी व्यासाचा माइल्ड स्टीलचा शाफ्ट, ड्रॉइंगवर टॉलरन्स एच 7, म्हणजे 49.975 ते 50.000. एका मुलाने शेवटचा कट घेतला, मशीन थांबवलं आणि लगेच मायक्रोमीटर लावला. 49.99. पोरगं हरखलं. आमच्या निदेशकांनी जॉबवर तळहात टेकवला, पटकन उचलला आणि एवढंच म्हणाले, "टेबलावर ठेव. चहा पिऊन ये, मग परत माप."

तासाभराने माप आलं 49.97. जॉब बाद.

मुलाला वाटलं, आपलं मोजणंच चुकलं. मोजणं बरोबर होतं. पोलाद एका अंशाला दर मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. जॉब चाळीसेक अंशांनी तापलेला होता, म्हणजे 50 मिमीच्या व्यासात तेवीस मायक्रॉनची वाढ. अख्खी टॉलरन्स पंचवीस मायक्रॉनची! हे सूत्र त्याला पाठ होतं. रुळांमध्ये फट किती ठेवावी, हे गणित त्याने परीक्षेत सोडवलं होतं. रूळ वाढतो हे ठाऊक होतं. आपल्या समोरचा जॉबही वाढतो, हे त्या दिवशी कळलं. निदेशकांच्या तळहाताला ते आधीच कळलेलं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितली नसती. त्या मुलाने जर्नलमध्ये दोन्ही मापं लिहिली, खाली कारण लिहिलं, शेवटी 'जॉब रिजेक्ट' असं लिहिलं. शेजारच्या मुलाने मागच्या वर्षीच्या जर्नलमधून 49.99 उतरवलं. टर्मवर्कचे मार्क मी दिले. पहिल्याला कमी, दुसऱ्याला जास्त. आज इतक्या वर्षांनीही ती सही मला टोचते.

आपण तक्रार करतो की मुलं सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवतात, काचेखाली दिवा लावून ड्रॉइंगच्या शीटवर जीटी मारतात. पण पाच बॅचेसची रीडिंग्ज दशांशापर्यंत जुळतात, तेव्हा आपण डोळे झाकून सह्या करतोच ना? खऱ्या प्रयोगातले बिंदू कधी एका रेषेत बसत नाहीत. ज्याचा आलेख जरा वाकडा, त्याला 'पुन्हा काढ' म्हणतो. ज्याचा सरळ, त्याला शाबासकी. मुलं हुशार असतात. आपल्याला काय हवंय ते पहिल्या सेमिस्टरमध्येच ओळखतात.

कानशीचं काम आठवा. पहिल्या वर्षी फिटिंग शॉपमध्ये प्रत्येकाचा जॉब मधे फुगीर आणि कडेला उतरता होतो, कारण कानस पुढे ढकलताना हात झुलतो. गुण्या लावून जॉब उजेडाकडे धरला की फटीतून प्रकाश दिसतो. त्या उजेडाशी वाद घालता येत नाही. ओरलला बाहेरच्या परीक्षकाला बोलण्यात गुंगवता येतं, पण फटीतल्या उजेडाला काय सांगणार? म्हणून मला फिटिंग शॉप अभियांत्रिकीच्या शिक्षणातली सगळ्यांत सच्ची खोली वाटते. आणि आपण तिचेच तास कमी करत आणले. सॉफ्टवेअरमधलं सिम्युलेशन मी स्वतः शिकवलं आहे, ते हवंच. पण त्यात जॉब तापतो तो कुणी तापवायचं ठरवलं तरच.

पुण्यात 1854 मध्ये सरकारी बांधकामांसाठी माणसं तयार करायला अभियांत्रिकीचा वर्ग निघाला, त्याच्या नावातच 'मेकॅनिकल स्कूल' होतं. पुढे पदवी आली, पाठोपाठ खुर्ची आली, आणि हात काळे करणारा माणूस खालच्या पायरीवर गेला. आपल्या समाजात ती पायरी आधीपासून होतीच. लोहार-सुतारांना आपण कधी पंडितांच्या पंक्तीला बसवलं? महाविद्यालयांनी ती पायरी मोडायला हवी होती. आपण तिच्यावर सिमेंट चढवलं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईत आले. रंगांधळेपणामुळे ते शिक्षण सुटलं. मग ते व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले, आणि पुढे बेळगावात सायकलींचं दुकान सांभाळत कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर इथवर पोचले. लोखंडाने जमीन नासेल, अशी शेतकऱ्यांना भीती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांना आपल्या आजच्या पद्धतीत किती क्रेडिट मिळाले असते?

आणि फार लांब जायला नको. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुलं तिथे वेल्डिंग करतात, भिंत बांधतात, शेती करतात, आणि ते करता करता भूमिती नि वीज शिकतात. 2002 मध्ये तिथे फॅब लॅब आली, एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी एक. दहावी नापास म्हणून घरी बसलेल्या मुलाला जे मिळू शकतं, ते लाखभर फी भरणाऱ्याला का मिळू नये, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. फसलेल्या जॉबचं कारण ज्याने नीट शोधून लिहिलं, त्याला पूर्ण मार्क द्या. प्रात्यक्षिकाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळात वर्कशॉप निदेशकाला मतासकट जागा द्या. आणि प्राध्यापक म्हणून नेमणूक होण्याआधी प्रत्येकाने एक सेमिस्टर शॉप फ्लोअरवर काढावं. पीएच.डी. असली तरीही.

उद्या सकाळी नऊला पहिला परिसंवाद आहे. यजमान महाविद्यालयाला विचारून मी आठ वाजता फिटिंग शॉप उघडायची व्यवस्था केली आहे. बारा व्हाइस आहेत, कानशी आहेत, एम.एस.चे तुकडे कापून ठेवले आहेत. निदेशक शिकवतील, आपण प्राध्यापक जॉब करू. गुण्या लावून पाहायला खिडकीपाशी उजेड भरपूर आहे.