अंडे, उंची आणि आपली मुले
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



येथील शाळांत एक स्पर्धा भरते. कच्चे अंडे कागद, कापूस, स्ट्रॉ अशा साध्या वस्तूंच्या वेष्टनात ठेवायचे, छतावरून खाली सोडायचे आणि ते फुटू द्यायचे नाही. वरवर हा पोरखेळ वाटतो. परंतु माझ्या व्यवसायाशी त्याचे जवळचे नाते आहे.

दहा मीटर उंचीवरून पडणारी वस्तू, हवेचा विरोध वगळल्यास, जमिनीशी येताना ताशी सुमारे ५० किलोमीटर वेग गाठते. हा वेग एका सेंटिमीटरच्या अंतरात शून्यावर आला, तर अंड्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे हजारपट सरासरी बल येते. थांबण्यासाठी दहा सेंटिमीटर मिळाले, तर ते शंभरपटीवर येते. म्हणून चांगले वेष्टन स्वतः चुरगळते आणि अंड्याला सावकाश थांबवते.

ह्यू डीहेवन हे १९१७ मध्ये विमानचालनाचे शिक्षण घेत असताना अपघातात जबर जखमी झाले. पुढे त्यांनी अंडी टाकून प्रयोग केले. उंचावरून पडूनही वाचलेल्या माणसांचा त्यांचा अभ्यास १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. आघात शरीरावर पसरला आणि थांबायला थोडे अंतर मिळाले, तर माणूस वाचू शकतो, हे त्यांनी दाखविले. १९५९ मध्ये व्होल्व्होचे अभियंते निल्स बोलिन यांनी मोटारीसाठी खांदा व कंबर एकत्र धरणारा पट्टा सिद्ध केला, त्यामागेही हेच तत्त्व आहे. पट्टा न बांधलेले तरुण मी अपघात विभागात पाहिले आहेत. त्यांच्या मातापित्यांना सामोरे जाणे किती कठीण असते, हे शब्दांत सांगता येणार नाही.

आता एक कबुली देतो. माझ्या मुलीच्या पहिल्या स्पर्धेच्या आदल्या रात्री, ती झोपल्यावर, मी तिची पेटी मोडून नवी बांधली. अंडे शाबूत राहिले, बक्षीसही मिळाले; पण ते प्रशस्तिपत्रक तिने कधी भिंतीवर लावले नाही. पुढच्या वर्षी तिने मला हात लावू दिला नाही. अंडे फुटले. ती मात्र गुडघे टेकून तुकडे न्याहाळत बसली आणि म्हणाली, "बाबा, पेटी तिरकी पडली. कोपऱ्याला काही लावलेच नव्हते." त्या दिवशी ती खरे विज्ञान शिकली.

पालकहो, परदेशी येताना आपण पुष्कळ धक्के सोसले, म्हणून मुलांना एकही बसू नये असे वाटते. ती माया रास्त आहे. मोटारीत त्यांचा पट्टा अवश्य बांधा. त्यांची पेटी मात्र त्यांनाच बांधू द्या.