आपल्या माणसाचे रक्त

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात येरमाळा येथे केलेले भाषण)



रक्तदानाच्या अनुभवांविषयी चार शब्द बोलावे अशी मंडळाच्या चिटणीसांनी आज्ञा केली, तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. मी वैद्य नव्हे, विद्वानही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारी हयात मुलांकडून बाराखडी गिरवून घेण्यात घालविलेला मी एक मास्तर. शिवाय दिलेल्या दानाचा उच्चार करू नये, अशी आपल्या वडिलांची शिकवण. तथापि आज मंडळापुढे एक ठराव आहे. समाजातील रक्तदात्यांची गटवार सूची तयार करावी आणि तिचा लाभ 'केवळ सभासद कुटुंबांस' द्यावा, असा तो आहे. त्याच्या पहिल्या भागास माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे. दुसऱ्या भागाविषयी मला जे सांगावयाचे आहे, ते माझ्या घरच्या हकीकतीवाचून सांगता येणार नाही.

गोष्ट १९८६ सालची. माझ्या पत्नीचे दुसरे बाळंतपण अडले म्हणून तिला जीपगाडीत घालून एका शहरातील रुग्णालयात नेले. मूल सुखरूप झाले, परंतु रक्तस्राव थांबेना. दोन बाटल्या रक्त हवे, असे डॉक्टरांनी सांगितले. माझे रक्त तपासले, ते जुळले नाही. आमच्या बरोबर भावकीतील पाच जण आले होते. दुधातुपावर वाढलेले, तालमीत घुमलेले. रक्ताची गोष्ट निघताच एकास रानात पाणी द्यावयाचे आठवले. एकास घेरी येऊ लागली. एकाने, रक्त दिल्याने पुरुष कायमचा खचतो, असे ठामपणे सांगितले. त्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांच्या जागी मी असतो आणि खाटेवर दुसऱ्या कोणाची पत्नी असती, तर मीही पाय काढता घेतला असता. त्या काळचे आपले अज्ञानच तेवढे होते.

अखेर एका मध्यस्थामार्फत एक मनुष्य आला. त्या काळी पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी नव्हती. अंगाने वाळलेला, डोळे खोल गेलेले. त्याने बाही वर सारली तेव्हा कोपराच्या खळगीत सुयांचे वण दिसले. रक्त देऊन झाल्यावर तो पायरीवर बसला आणि चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून प्याला. मी त्याच्या हातावर दीडशे रुपये ठेवले व नाव विचारले. तो म्हणाला, "नाव कशाला, गुरुजी? बाटलीवर काय नाव लिहितात होय?" एवढे बोलून तो उठून गेला. दुसरी बाटली अशाच एका अनोळखी माणसाची मिळाली. त्याचे तर मी तोंडही पाहिले नाही.

पत्नी वाचली. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी ती अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाली, "अहो, माझ्या अंगात आता कुणाचं तरी रक्त आहे. मग मी आता कोणत्या जातीची हो?" मी वर्गात पन्नास मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणारा मास्तर, पण ह्या प्रश्नाला मजकडे उत्तर नव्हते. आमच्या पडवीत त्या वेळी कान तुटलेला एक कप कोनाड्यात निराळा ठेवलेला असे. कोणासाठी, हे ह्या सभेत सांगण्याचे कारण नाही. तसा कप त्या काळी पुष्कळांच्या घरी होता. हिंडूफिरू लागल्यावर पत्नीने तो कप उचलला आणि परसात नेऊन फोडला. आई चार दिवस तिच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी आईच म्हणाली, "राहू दे. पोरगी वाचली ना!"

मी रक्तदान का करू लागलो, ह्याचे खरे कारण एवढेच. ते पुण्य नव्हे, परतफेड होय. ज्याने विकून दिले त्याचे पैसे फिटले. ऋण फिटले नाही. उपाशी माणसाने रक्त विकावे आणि भरल्या घरच्या माणसाने ते विकत घ्यावे, हा व्यवहार पुढे कायद्यानेच बंद झाला. सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी ह्या विषयावर निकाल दिला आणि त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा थांबविण्यात आली. पोटासाठी रक्त विकणारा मनुष्य आपले दुखणे लपवितो आणि ते दुखणे रुग्णाच्या अंगात जाते, हेही त्यामागील एक मोठे कारण होते. आज रक्तपेढीत जे शुल्क घेतात ते चाचण्यांचे व साठवणुकीचे असते. रक्ताची किंमत नसते.

१९८७ साली मी प्रथम रक्त दिले. रक्त तेव्हा काचेच्या बाटलीत घेत. बाटली भरेपर्यंत मी डोळे मिटून मनातल्या मनात पाढे म्हणत होतो. सतरांच्या पाढ्यात चुकलो, एवढाच काय तो त्रास झाला! प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातून ३५० मिलिलिटर, आणि वजन भरपूर असल्यास ४५० मिलिलिटर घेतात. त्यातील द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशी काही आठवड्यांत. म्हणून पुरुषास तीन महिन्यांनी आणि स्त्रीस चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. खचणे वगैरे सारे खोटे आहे.

दुसरा धडा मला ३० सप्टेंबर १९९३ रोजी मिळाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गणपतींचे विसर्जन झाले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. आम्ही येरमाळ्यास मुलांना घेऊन अंगणात उभे राहिलो. परंतु किल्लारी आणि सास्तूरच्या बाजूस गावेच्या गावे दगडमातीखाली गेली होती. जखमींस सोलापूरकडे नेत आहेत असे कळताच आम्ही चार शिक्षक बार्शीमार्गे तिकडे निघालो. रुग्णालयात रक्त देणाऱ्यांची मोठी रांग लागली होती. तीत हमाल होते, महाविद्यालयीन विद्यार्थी होते, मौलवी होते, पोलीस होते. आमच्यापैकी दोघांचे रक्त घेतले. मला व दुसऱ्या एकास नाव लिहून घेऊन परत पाठविले. मी खट्टू झालेला पाहून तेथील वयस्कर तंत्रज्ञ म्हणाले, "गुरुजी, आज पहाटे जे जखमी आले, त्यांना आठवड्यापूर्वी कोणी तरी दिलेले रक्त चढविले. तुमचे आज घेतले तर तपासून उद्या उपयोगी पडेल. आज नको, पुढल्या महिन्यात या. तेव्हा कोणी येत नाही."

बांधवहो, संकटाच्या दिवशी कामास येते ते संकटाच्या आधी दिलेले रक्त. मी पुढल्या महिन्यात गेलो. रांग नव्हती.

आता ठरावाकडे येतो. काही बांधवांचे म्हणणे असे की, सूची सर्वांस खुली केली तर उद्या आपल्याच माणसास गरज पडेल तेव्हा दाते शिल्लक राहणार नाहीत. शंका रास्त आहे, तिची थट्टा करू नये. मंडळाचे वसतिगृह आहे, शिष्यवृत्त्या आहेत, त्या आपल्या मुलांसाठी आहेत, आणि त्या निधीत दिलेला रुपया एकदाच खर्च होतो. परंतु रक्त हे पेवातील धान्य नव्हे. तांबड्या पेशी थंड कपाटात ३५ ते ४२ दिवस टिकतात, बिंबिका अर्थात प्लेटलेट्स अवघे ५ दिवस. जतन करून ठेवू म्हटले तर ते वाया जाते. देऊन टाकले तर अंगात पुन्हा तयार होते. जे राखल्याने नासते आणि दिल्याने भरते, त्यावर कुलूप कशाला?

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. 'आपल्या रक्ताच्या माणसाचे रक्त' सर्वांत चांगले, असे आपणांस वाटते. वैद्यकशास्त्र नेमके उलट सांगते. आईबाप, भावंडे, मुले अशा अगदी जवळच्या नातलगाचे रक्त दिले, तर त्यातील पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटण्याचा धोका असतो. असे क्वचितच घडते, पण घडले तर प्राणावर बेतते. म्हणून तज्ज्ञ असे रक्त शक्यतो टाळतात, अथवा त्यावर किरणांची प्रक्रिया करून मगच देतात. म्हणजे ज्या भावकीची मी १९८६ साली वाट पाहत होतो, तिच्याहून तो अनोळखी मनुष्य शास्त्रदृष्ट्याही काही कमी प्रतीचा दाता नव्हता.

तिसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातील आहे. कार्ल लँडस्टायनर ह्यांनी १९०१ साली रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला, त्यानंतर ए, बी, एबी आणि ओ ह्यांत सारी मानवजात बसली असे वाटत होते. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रुग्ण आढळले की, ज्यांना ओ गटाचेही रक्त चालेना. हा निराळाच गट होता. त्याला जगभर 'बाँबे' रक्तगट असे नाव पडले. आपल्या देशात सुमारे दहा हजारांत एखादाच मनुष्य ह्या गटाचा असतो, आणि त्याला केवळ त्याच गटाचे रक्त चालते. असा रुग्ण उद्या आपल्या समाजात निघाला, तर मंडळाची सूची कितीशी पुरेल? दाता कदाचित परप्रांतात, परधर्मात सापडेल. तेव्हा त्याने "माझी सूची केवळ माझ्या सभासदांसाठी" असे म्हणू नये, असे वाटत असेल तर आपणही ते आज म्हणता कामा नये.

थॅलेसेमिया झालेल्या बालकास दर दोन-चार आठवड्यांनी जन्मभर रक्त द्यावे लागते. आईबाप दोघेही ह्या दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक स्वतः धडधाकट दिसतो. आपण सोयरिकी लहानशा वर्तुळात करतो. म्हणून मंडळाच्या वधूवर सूचीत पत्रिकेबरोबर ह्या रक्ततपासणीचाही रकाना असावा, अशी माझी जोडसूचना आहे.

भगिनींसाठी एक शब्द. रक्तदानास हिमोग्लोबिन किमान १२.५ लागते, आणि शिबिरातून आपल्या कितीतरी सुना-लेकी ह्या एका कारणाने परत जातात. त्यात त्यांचा दोष नाही. घरात सर्वांत शेवटी जी जेवते, तिच्या ताटात काय उरते ते पुरुषांनी पाहावे.

आपण सारे येडेश्वरीच्या छायेत वाढलेले आहोत. चैत्री पौर्णिमेनंतर लाखो भाविक चुन्याच्या रानात चुनखडीचे खडे वेचतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. वेचलेले खडे एके ठिकाणी टाकले की कोणता कोणाचा, हे सांगता येत नाही, आणि आई कोणाला ते विचारीतही नाही. रक्तपेढीतील थंड कपाट मला तसेच वाटते. पिशवीवर गट असतो, क्रमांक असतो, तारीख असते. जात नसते. त्या माणसाने म्हटल्याप्रमाणे, नावही नसते.

ह्या वर्षी मला पासष्ट वर्षे पूर्ण झाली. नियमाप्रमाणे रक्तदानाची वयोमर्यादा तेथे संपते. गेल्या शिबिरात डॉक्टरांनी माझे कागद पाहिले आणि नम्रपणे हात जोडले. बावन्न वेळा ज्या खाटेवर निजलो, तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसलो. माझ्या जागी कोणी येते का, ते पाहत होतो. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि वजनाने पंचेचाळीस किलोंच्या वर असलेल्या प्रत्येक निरोगी तरुणास ती जागा मोकळी आहे.

अध्यक्षमहाराज, माझी उपसूचना लहान आहे. ठरावातील 'केवळ सभासद कुटुंबांस' हे तीन शब्द खोडावे आणि त्या जागी 'गरजूंस' हा एकच शब्द घालावा. माझ्या पत्नीने जो प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर मला अडतीस-एकोणचाळीस वर्षांत देता आले नाही. ती आज समोरच भगिनींच्या रांगेत बसलेली आहे. सभेने ही उपसूचना मान्य केली, तर ते उत्तर सभाच देईल.