स्थळांची नोंदवही

(नाशिक येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या आपणांपैकी बहुतेकांनी चढलेल्या आहेत. तेथील चोवीस लेण्यांत जे शिलालेख आहेत, ते कशाकरिता कोरले गेले याचा आपण कधी विचार केला आहे काय? अठराव्या लेण्याच्या दारावरचा लेख सांगतो की, हे दान नाशिककरांपैकी धंभिक गावाचे आहे. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा दत्तामित्री नगरीचा, उत्तरेकडील यवन होता. नाव, गाव आणि दान एवढाच तो मजकूर. दहाव्या लेण्यात उषवदात आपले दान सभेत जाहीर करून रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदविल्याचे सांगतो. तिसऱ्या लेण्यातील लेख तर मला सर्वांत बोलका वाटतो. गौतमीपुत्र सातकर्णीच्या चोविसाव्या वर्षी असे कळविण्यात आले की, भिक्षूंना पूर्वी दिलेले कखडी गावातील शेत कसले जात नाही व ते गावही ओस पडले आहे. म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय जमिनीपैकी शंभर निवर्तने त्यांना द्यावीत. नोंद निरुपयोगी ठरली, तेव्हा ती दुरुस्त केली गेली. आणि जुनी न खोडता नवी नोंद भिंतीवर राहिली.

ज्याला आज डेटाबेस म्हणतात, तो याहून फारसा निराळा नाही. भिंतीऐवजी यंत्र आहे इतकेच.

नुकतीच धम्मदीक्षा घेतलेले कुटुंब घरातील मंगलकार्यासाठी जवळचे विहार शोधू लागते, तेव्हा हातातील फोन पुष्कळदा मुका राहतो. विहार गल्लीत उभे असते, पण नकाशात नसते. एकदा मी स्वतः असाच नकाशाच्या भरवशावर निघालो आणि एका गोदामाच्या बंद फाटकापाशी पोहोचलो. विहार मागल्या रस्त्याला होते. तेथील चहावाल्याने ते बोट दाखवून सांगितले. त्या चहावाल्याला जे ठाऊक आहे ते सर्वांना मिळावे, म्हणून आपल्या जिल्ह्याचा एक शोधक नकाशा आपणच तयार केला पाहिजे.

आरंभ कोष्टकापासून करावा. स्थळाचे नाव, इतर नावे, प्रकार, अक्षांश, रेखांश, घटनेचा दिनांक, माहितीचा आधार आणि शेवटची पाहणी केव्हा झाली, एवढे रकाने पुरेत. काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० हा दिनांक येईल, येवल्यासमोर १३ ऑक्टोबर १९३५ आणि मनमाडसमोर फेब्रुवारी १९३८ मधील रेल्वे कामगारांची परिषद. विहारापुढे दिनांकाचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल. आधाराचा रकाना मात्र कधीही रिकामा राहू नये. एखाद्या वृद्धाने सभेची जागा दाखविली असेल, तर ‘स्थानिक वृद्धाची साक्ष’ असे स्वच्छ लिहावे. छापील पुराव्याच्या पंक्तीला ती साक्ष गुपचूप बसवू नये.

अंकांविषयी सावध राहा. काळाराम मंदिराचा अक्षांश सुमारे २०.००७ व रेखांश ७३.७९५ आहे. नकाशाची काही साधने अक्षांश आधी मागतात, काही रेखांश आधी. ही अदलाबदल झाली, तर आपले नाशिक नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रात बुडते! दशांशचिन्हापुढे चार अंक घेतले की जागा सुमारे अकरा मीटरांपर्यंत निश्चित होते. विहाराचे दार सापडण्यास तेवढे पुरे.

आता एपीआय म्हणजे काय? कचेरीतील खिडकी समजा. दप्तरखान्यात कोणी शिरत नाही. खिडकीशी अर्ज द्यायचा व उत्तर घ्यायचे. ‘मी येथे उभा आहे, पाच किलोमीटरांतील विहारे सांगा,’ असा अर्ज फोन करतो. आत पोस्टग्रेस हा डेटाबेस, पोस्टजीआयएस या जोडणीच्या साहाय्याने अंतरे मोजून यादी परत देतो. मात्र हे अंतर सरळ रेषेचे असते. काळाराम मंदिरापासून त्रिरश्मी लेणी अशा रेषेने नऊ किलोमीटरांच्या आत येतात. रस्त्याने त्याहून अधिक चालावे लागेल, हे पडद्यावर लिहिलेले असावे. नवी नोंद देण्याची खिडकी वेगळी ठेवावी, आणि दोघांनी तपासल्याखेरीज कोणतीही नोंद प्रसिद्ध करू नये.

सर्वच माहिती पायपिटीने जमविण्याचे कारण नाही. २००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून रचलेला नकाशा आहे. त्याच्या ओव्हरपास या खिडकीतून बौद्ध म्हणून नोंदलेली प्रार्थनास्थळे मागविता येतात. त्यांचे ऋण पडद्यावर नमूद करणे बंधनकारक आहे. पत्त्यावरून जागा शोधणारी त्यांची नॉमिनॅटिम ही सार्वजनिक सेवा सेकंदाला एकाहून अधिक विचारणा करू देत नाही. म्हणून मिळालेले उत्तर आपल्या कोष्टकात साठवावे.

परंतु उसनी माहिती डोळे मिटून घेऊ नये, आणि याचे कारण नावांत आहे. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तरी जुने नाव एखाद्या नकाशात राहून गेलेले असते, आणि आपण ते न वाचता उतरविले, तर जी पाटी पुसण्यासाठी एवढा झगडा केला तीच आपल्या हातांनी आपल्या मुलांच्या फोनवर लावली असे होईल. जुने नाव समूळ काढावे, असे काही तरुण म्हणतात. मी तसे म्हणत नाही. जमिनीचे कागद, शाळेचे दाखले त्या नावाने लिहिलेले आहेत. ते शोधणाऱ्याला वाट सापडली पाहिजे. म्हणून ते ‘इतर नावे’ या रकान्यात शोधापुरते ठेवावे, पडद्यावर आणू नये. लेण्यांचे मात्र उलट करावे. तेथे ‘त्रिरश्मी’ ठळक दिसावे आणि ‘पांडवलेणी’ लिहिणाऱ्यालाही तेच स्थळ मिळावे.

कोणाच्याही घराचा पत्ता अगर खासगी फोन क्रमांक या कोष्टकात घालू नये.

ज्यांच्या घरी असा फोन नाही, त्यांच्यासाठी याच कोष्टकातून तालुकावार एकेक पान छापून विहाराच्या भिंतीवर लावता येईल. त्यावर छपाईची तारीख ठळक असावी आणि खाली चार ओळी कोऱ्या असाव्यात, म्हणजे ज्याला चूक दिसेल तो तेथेच पेन्सिलीने लिहील.