बंदिश बांधणारा गळा



धान घरात आलं की झाडीपट्टीच्या या मुलखात मंडई, म्हणजे जत्रा, भरते. वैनगंगेच्या अल्याड-पल्याड, ब्रह्मपुरीपासून वडशापर्यंत, रात्र-रात्र नाटकं रंगतात. अशा गाणाऱ्या गावात आलेल्या प्रत्येकाचं संमेलनाची स्वागत समिती मनापासून स्वागत करते.

यंदाचं संमेलन गायिका डॉ. प्रभा अत्रे यांच्या रचनांना वाहिलेलं आहे. मैफलीत दाद गाणाऱ्याला मिळते, बंदिश बांधणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. प्रभाताई मात्र गायच्या त्या बहुतेक स्वतःच्याच बंदिशी; शब्द त्यांचे, चालही त्यांचीच.

१९३२ साली पुण्यात त्यांचा जन्म झाला. आईच्या आजारपणात तिचं मन रमावं म्हणून घरी गाण्याची शिकवणी लावली. आईचं शिकणं लवकरच थांबलं, आठ वर्षांच्या मुलीचं मात्र सुरू राहिलं. पुढे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे किराणा घराण्याची तालीम मिळाली. विज्ञान आणि कायद्याच्या पदव्या घेतल्या, संगीत नाटकांतून कामं केली, आकाशवाणीत नोकरीही केली.

त्यांचा कलावती राग ऐकावा. रिषभ नाही, मध्यम नाही, निषाद कोमल. उरलेल्या पाचच सुरांत शब्द असा बसतो की कुठे ओढाताण जाणवत नाही. सुरांची नावं घेत गायची सरगम म्हणजे नुसती कसरत, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. प्रभाताईंनी त्याच विषयावर प्रबंध लिहिला आणि ती भावपूर्ण गाऊन दाखवली. अपूर्व कल्याण, मधुरकंससारखे नवे रागही त्यांनी बांधले.

पण समितीला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं ते वेगळंच. एकेकाळी बंदिश शिष्यापासूनही राखून ठेवत. प्रभाताईंनी आपल्या बंदिशी 'स्वरांगिनी', 'स्वररंजनी' या पुस्तकांतून स्वरलिपीसह छापून सर्वांच्या हाती दिल्या. ब्रह्मपुरीतल्या मुलीलाही त्या शिकता येतात.

२०२२ साली पद्मविभूषण मिळालं. १३ जानेवारी २०२४ रोजी, एक्क्याण्णव वर्षांच्या असताना त्या गेल्या. त्याच दिवशी त्या मुंबईला गायला निघणार होत्या.

झाडीपट्टीच्या नाटकांसाठीही पिढ्यान्‌पिढ्या चाली बांधल्या गेल्या. पदं वह्यांत आहेत, चाल मात्र पेटीमास्तरांच्या बोटांत. ते थकले की चालही जाते. तेव्हा आरमोरी, वडसा, मूल, नागभीडहून आलेल्या मंडळींना समितीची विनंती आहे: घरी अशी वही असेल तर उद्या सकाळी घेऊन या, आणि पेटीमास्तरांनाही सोबत आणा. स्वरलिपी लिहून घ्यायला माणसं बसवली आहेत.