अश्वगंधाची गमी मेंदूत नेमकं काय करते?

आजचा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनातला आहे: “सारखी धाकधूक होते, अश्वगंधाच्या गमीज सुरू करू का?”

आधी मेंदूत काय चालतं ते बघू. मेंदूतल्या पेशी एकमेकींना सतत सिग्नल पाठवतात. त्यांना ब्रेक लावणारं मुख्य रसायन म्हणजे गाबा. ते गाबा-ए रिसेप्टरला चिकटलं, की एक बारीक दार उघडतं, क्लोराईड आत शिरतं आणि पेशी शांत होते. अल्प्राझोलमसारख्या गोळ्या याच रिसेप्टरवर, पण वेगळ्या जागी बसतात. मग गाबा आलं की दार जास्त वेळा उघडतं.

आता वनस्पती. कॅमोमाईलच्या फुलातलं एपिजेनिन प्रयोगशाळेत याच गोळ्यांच्या जागी चिकटताना दिसलं. व्हॅलेरियन, म्हणजे आपल्या तगराची युरोपातली बहीण; तिच्या मुळातलं व्हॅलेरेनिक ॲसिड त्याच रिसेप्टरवर दुसरी जागा पकडतं. अश्वगंधाच्या मुळाच्या अर्कानंही पेशींवरच्या प्रयोगात गाबाचे रिसेप्टर चालू केले.

पण लॅपटॉपवर चाललेला कोड सर्व्हरवर चालेलच असं नसतं ना? तसंच हे. औषधाला पोट, यकृत, रक्त असा प्रवास करून मेंदूत पोचावं लागतं. म्हणून माणसांवरच्या चाचण्या बघायच्या. २००९ साली अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या चाचणीत चिंतेचा आजार असलेल्या ५७ जणांना आठ आठवडे कॅमोमाईलच्या किंवा नकली कॅप्सूल दिल्या. कॅमोमाईलवाल्यांची चिंता जास्त उतरली. निकाल चांगला, पण माणसं थोडी. आणि तो अर्काच्या कॅप्सूलचा निकाल आहे, कपभर चहाचा नव्हे.

“नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही” हे मात्र डोक्यातून काढा. पॅसिफिक बेटांवरच्या कावा या मुळामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आल्या आणि जर्मनीनं २००२ मध्ये त्याची विक्री थांबवली. अश्वगंधामुळेही क्वचित यकृताला त्रास झालाय. थायरॉईडची गोळी चालू असेल किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

सगळ्यात महत्त्वाचं: अल्प्राझोलम चालू असताना वनस्पतीच्या भरवशावर ते एकदम बंद करू नका. मेंदूला त्या ब्रेकची सवय झालेली असते. अचानक काढला तर फिट्स येऊ शकतात. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. आणि वरून झोप आणणारी वनस्पती घेतली, तर गुंगी दुप्पट.

झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं. भेटू पुढच्या भागात!