एपिसोड १७ : डॉल्फिन हसत नसतो

हेडफोन लावलेत ना? आज डॉल्फिनबद्दल बोलायचंय, पण रीलमध्ये दिसतो त्या गोडगोड डॉल्फिनबद्दल नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. डॉल्फिन हसत नसतो. त्याच्या जबड्याची ठेवणच तशी असते. तो चिडलेला असो, घाबरलेला असो, चेहरा तोच. मलाही हे बरीच वर्षं माहीत नव्हतं.

आता चला स्कॉटलंडला. ईशान्य किनाऱ्यावर मोरे फर्थ नावाची मोठी खाडी आहे. १९९० च्या दशकात तिथे मेलेले पॉरपॉइज किनाऱ्याला लागत होते. पॉरपॉइज म्हणजे डॉल्फिनचा छोटा, लाजाळू नातेवाईक, साधारण दीड मीटर लांब. बाहेरून बघितलं तर फारसं काही दिसायचं नाही. आतून मात्र बरगड्या मोडलेल्या, फुप्फुसं फाटलेली. कातडीवर दातांचे समांतर ओरखडे होते. त्यांच्यातलं अंतर मोजलं, तर ते बॉटलनोज डॉल्फिनच्या दातांशी जुळलं! १९९६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. गंमत म्हणजे, गंमत कसली, विचित्र गोष्ट म्हणजे मारलेल्या पॉरपॉइजला ते खात नव्हते. पुढे त्याच भागात बॉटलनोजनी स्वतःच्याच जातीची पिल्लं मारल्याचंही उघड झालं.

मग दोन जाती एका पाण्यात आल्या की मारामारी ठरलेलीच का? तर नाही. त्यासाठी आपल्याला बहामाला जावं लागेल.

तिथलं पाणी उथळ आणि नितळ, खाली पांढरी वाळू. त्यामुळे डॉल्फिन पाण्याखाली काय करतात ते सरळ डोळ्यांनी दिसतं. डेनिस हर्झिंग या संशोधक १९८५ पासून दर उन्हाळ्यात तिथे जाऊन त्यांचा अभ्यास करतायत. इथे दोन जाती शेजारी राहतात. एक, अंगानं दणकट बॉटलनोज. दुसरे, त्यांच्यापेक्षा लहान ठिपकेवाले डॉल्फिन. यांच्या पिल्लांच्या अंगावर ठिपके नसतात बरं का, ते वयाबरोबर येतात.

जेवणाची वाटणी बऱ्यापैकी झालेली आहे. बॉटलनोज वाळूत तोंड खुपसून, अक्षरशः खड्डे पाडून, लपलेले मासे बाहेर काढतात. ठिपकेवाले रात्री उथळ पट्ट्याच्या कडेला, खोल पाण्याकडे जातात आणि माकुल, उडते मासे पकडतात. सगळंच वेगळं नाही, पण रोज एकाच ताटावरून भांडण होत नाही.

तरी भांडणं होतात, मुख्यतः नरांमध्ये. बॉटलनोज नर लहान ठिपकेवाल्या नराचा पाठलाग करतात, त्याच्या अंगावर चढतात. सरळसरळ दादागिरी. एकट्या ठिपकेवाल्याचं इथे काही चालत नाही. मग तो एकटा राहतच नाही. बाकीचे नर जमतात. एका बॉटलनोजसमोर अनेक ठिपकेवाले. पण नुसती गर्दी करून भागत नाही. सगळे एकाच वेळी वळतात, एकाच लयीत आवाज काढतात. ही लय जमली की पारडं फिरतं आणि पळायची पाळी बॉटलनोजवर येते. लय तुटली की पुन्हा त्यांचीच सरशी.

आणि हेच प्राणी इतर वेळी एकत्र फिरतात. एका जातीची मादी दुसऱ्या जातीच्या पिल्लाची काळजी घेतानाही दिसलीये. म्हणजे शेजार आणि भांडण, दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

पण हा शेजार कायमचा ठरलेला नसतो. २०१३ मध्ये त्या भागातले जवळपास निम्मे ठिपकेवाले डॉल्फिन आपली जागा सोडून गेले. पन्नासच्या वर प्राणी, साधारण १६० किलोमीटर दूर, बिमिनी बेटाकडे. बहुधा अन्न कमी पडलं म्हणून. तिथे आधीपासून दुसरे डॉल्फिन होतेच. विचार करा, ज्यांच्यासोबत लय जमलेली, त्यातले निम्मे सोबती मागे राहिले. नव्या ठिकाणी नवी ओळख, नवे शेजारी, सगळा हिशोब पहिल्यापासून.

मला या गोष्टीतलं हेच महत्त्वाचं वाटतं. लहान जातीसाठी कळप म्हणजे हौस नाही, ढाल आहे.

आपल्या कोकणातही दापोली, तारकर्लीला होडीतून दिसतात ते बहुतेक हंपबॅक डॉल्फिन. सिंधुदुर्गच्या समुद्रात पॉरपॉइजही आहेत. पुढच्या वेळी गेलात तर होडीवाल्या काकांना एवढंच सांगा : "काका, पाठलाग नको, लांबूनच बघू." कळपाच्या मधोमध इंजिन घालून कोणाची ढाल तोडायची नाही. फोटो जरा लांबचा आला तरी चालेल.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत काळजी घ्या!