एकट्यानं सही नाही

(युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पँथर हे नाव आपल्या थोरल्यांनी १९७२ साली अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून घेतलं. पण त्या पोरांचा आजा कोण, पणजा कोण, तो कुठं राबला आणि कुणी मारला, हे आपल्याकडं कुणी फारसं सांगत नाही. शाळेच्या पुस्तकात लिंकननं गुलाम सोडवले आणि त्यानंतर एकदम मार्टिन ल्यूथर किंग. मधली शंभर वर्षं गुल. त्या गुल झालेल्या वर्षांतली थोडी आज काढायची आहेत. सबंध अमेरिका नको, एक बंदर पुरे. न्यू ऑर्लीन्स, राज्य लुइझियाना, मिसिसिपी नदीचा काठ. मी गोदीत ओझी उचलणारा माणूस. मला देश कळतो तो धक्क्यावरून.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांच्या सुटकेसाठी खस्ता खाल्ल्या. अर्पण योग्यच होतं, ती माणसं खरोखर होती. पण त्याच १८७३ च्या एप्रिलात लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या तंट्यावरून गोऱ्यांच्या टोळीनं कोर्टाची इमारत पेटवली आणि काळ्यांची कत्तल केली. शरण आलेल्यांनाही सोडलं नाही. १८७७ ला उत्तरेच्या सरकारनं दक्षिणेतली उरलेली फौज मागं घेतली. भल्या लोकांचं लक्ष आता रेल्वेत, पोलादात, पश्चिमेच्या जमिनीत. काळा माणूस सुटला, पण त्याच्याकडं ना जमीन, ना बैल, ना फौज.

दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, लुइझियानाच्या उसाच्या पट्ट्यात सुमारे दहा हजार मजूर ऐन हंगामात संपावर गेले. बहुतेक काळे. युनियनचं नाव नाइट्स ऑफ लेबर. मागणी होती रोज सव्वा डॉलर, आणि तो रोख. कारण मळेवाला मजुरी द्यायचा चिठ्ठीत, आणि चिठ्ठी चालायची फक्त त्याच्याच दुकानात. २३ नोव्हेंबरला टिबोडो गावात सशस्त्र गोऱ्यांनी माणसं हुडकून हुडकून मारली. निदान तीस. शिक्षा कुणालाही नाही.

आता बंदरावर या.

अमेरिकेचा कापूस इथून लिव्हरपूलला जायचा. (१८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात हा कापूस अडला, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि आपल्याकडचे शेटजी गब्बर झाले. तो हिशोब पुन्हा कधीतरी.) कापसाच्या गासड्या जहाजाच्या पोटात नुसत्या रचत नसत. मोठे स्क्रू लावून, दाबून, ठासून भरत, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त माल मावायचा. हे काम करणारा तो स्क्रूमन. ताकदीचं काम, कसबाचं काम, धक्क्यावरची सगळ्यात वरची मजुरी. आणि गोऱ्या स्क्रूमनच्या युनियनचा दंडक असा, की काळ्या स्क्रूमनच्या रोज इतक्याच टोळ्या लागतील, त्यावर एक नाही. खाली गाडीवान, गासड्या लोटणारे, कोळसा वाहणारे. तिथं काळे हवे तितके. कामाची उतरंड आणि रंगाची उतरंड, दोन्ही एकावर एक बसलेल्या.

हे आपल्याला उलगडून सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात मजुरी जास्त होती आणि तिथंच आपल्या माणसाला दार बंद होतं. का, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, बाट होतो. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तो मागण्यांत घेणं जड गेलं.

तर १८९२. न्यू ऑर्लीन्समध्ये त्या वर्षी युनियनचं वारं होतं. मे महिन्यात ट्रामवाल्यांनी लढा जिंकला. मग २४ ऑक्टोबरला तीन युनियनी एकदम बाहेर पडल्या : गाडीवान, वजनकाटेवाले आणि माल बांधणारे. दोन ते तीन हजार माणूस. मागण्या तीन. दहा तासांचा दिवस, जादा कामाचे जादा पैसे, आणि कामावर घेताना युनियनच्या माणसाला पहिला मान. यातले काटेवाले आणि बांधणीवाले बहुतेक गोरे. गाडीवानांत काळे भरपूर.

व्यापाऱ्यांच्या मंडळानं मग आपला ठेवणीतला पत्ता टाकला. काटेवाल्यांशी करार करतो, बांधणीवाल्यांशी करतो, गाडीवानांशी नाही. काळ्यांबरोबर कागदावर सही आम्ही करणार नाही. पेपरवाले होतेच हाताशी. काळे संपवाले गोऱ्यांना झोडपतायत, अशा बातम्या धडाधड सुटल्या.

इथं जरा थांबा आणि त्या गोऱ्या काटेवाल्याच्या जागी उभे राहा. काम बंद, पगार बंद, घरात पोरं. समोर करार तयार. सही केली की उद्या सकाळी कामावर. बदल्यात सोडायचं काय, तर फक्त काळा गाडीवान. त्याच्या बापानं, त्याच्या पाद्र्यानं, त्याच्या पेपरानं जन्मभर त्याला सांगितलेलं की काळा माणूस माणूसच नव्हे. मोह किती स्वस्त होता बघा.

त्यानं सही केली नाही. दोन्ही युनियनींनी कळवलं, तिघांशी करार, नाहीतर कुणाशीच नाही.

मला ह्या गोष्टीचं मोल फार वाटतं. ज्यांना वाटत नाही त्यांनी मुकादमापुढं उभं राहून दुसऱ्यासाठी स्वतःची पाळी एकदा सोडून बघावी.

आणि मग शहर बंद पडलं. ८ नोव्हेंबर १८९२, अमेरिकेत त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक. चाळीसहून जास्त युनियनी, सुमारे २५,००० कामगार. ट्राम नाही, गॅस नाही, वीज नाही. संप चालवणाऱ्या पाच जणांच्या समितीत जेम्स पोर्टर हा काळा पुढारी बसला होता. गव्हर्नर मर्फी फॉस्टरनं मिलिशिया धाडली, पण शहर शांत होतं. तीनेक दिवसांत तडजोड झाली. दहा तास मिळाले, जादा पैसे मिळाले. युनियनचा पहिला मान मिळाला नाही.

सरकारनं सूड घेतला तो कायद्यानं. १८९० साली अमेरिकेत शर्मन कायदा झाला होता, बड्या कंपन्यांची मक्तेदारी मोडण्यासाठी. सुधारणेचा कायदा! तो कामगारांवर उगारला गेला तो ह्याच संपापायी. १८९३ ला न्यू ऑर्लीन्सच्या फेडरल कोर्टानं त्याच कायद्याखाली युनियनींवर मनाईहुकूम बजावला. व्यापार अडवण्याचा कट म्हणे.

आता हेच शहर, हेच वर्ष, फक्त पाच महिने आधी. ७ जून १८९२. होमर प्लेसी नावाचा एक जोडे शिवणारा तरुण पहिल्या वर्गाचं तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला. आठ पणज्यांत एक काळा, दिसायला गोरा. लुइझियानानं १८९० ला वेगळ्या डब्यांचा कायदा केला होता, तो मोडायचा म्हणून ठरवून बसला. शहरातल्या काळ्यांच्या नागरिक समितीनं वर्गणी काढून खटला लढवला. १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सात विरुद्ध एक असा निकाल दिला : डबे वेगळे पण सारखे, त्यात अन्याय नाही.

नोव्हेंबरच्या त्या २५,००० संपवाल्यांच्या मागण्यांत हा डबा नव्हता. हे मी दोष द्यायला म्हणत नाही, नीट बघा म्हणून सांगतो. धक्क्यावर गोरा आणि काळा खांद्याला खांदा लावून उभे होते, पण आगगाडीत डबा वेगळा. एकी झाली ती दहा तासांपुरती. तिला जेवढा पैसा बांधून ठेवील तेवढीच तिची दोरी.

दोरी तुटायला दोन वर्षं लागली. १८९३ ला अमेरिकेत मंदी आली. काम कमी, हात जास्त. जहाज कंपन्यांनी काळ्या स्क्रूमनना ठरलेल्यापेक्षा जास्त आणि स्वस्तात लावलं. गोरे स्क्रूमन कंपनीवर गेले का? ते काळ्यांवर गेले. १८९४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर जहाजांवर चढून काळ्यांची हत्यारं नदीत फेकली. मार्च १८९५ मध्ये धक्क्यावर बंदुका चालल्या, निदान सहा काळे कामगार मेले. गोरा-काळा स्क्रूमन भाऊ भाऊ म्हणणारी जुनी परिषद त्याआधीच मोडलेली.

काही मित्र या शहराकडं बोट दाखवून म्हणतात, आधी वर्ग, बाकी आपोआप. त्यांनी १८९२ पाशी पुस्तक मिटलेलं असतं. दुसरे म्हणतात, गोरा तो शेवटी गोराच. त्यांनी १८९५ पाशी उघडलेलं असतं. अमेरिकेतला मोठा काळा विद्वान ड्यूबॉइस यानं १९३५ साली नेमकं लिहून ठेवलंय. गोऱ्या मजुराला कमी मजुरीच्या वर आणखी एक मजुरी मिळते, गोरेपणाची. ती मालकाच्या खिशातून जात नाही, काळ्याच्या अंगातून जाते. ती सोडायची तयारी आहे का, हे १८९२ मध्ये कुणी विचारलं नव्हतं. जॉर्जियातला टॉम वॉटसन बघा. शेतकऱ्यांच्या पक्षाचा पुढारी. १८९२ ला काळ्या-गोऱ्या शेतकऱ्यांना सांगत फिरत होता की तुम्हाला वेगळं ठेवून दोघांनाही लुटतात. तोच पुढं काळ्यांचं मत काढून घ्या म्हणून ओरडत होता.

आणि मत गेलंच. १८९८ मध्ये न्यू ऑर्लीन्सला राज्याची नवी घटना बनवायला सभा बसली. गव्हर्नर तोच, फॉस्टर. मतदाराला शिक्षणाची किंवा मालमत्तेची अट. पण १ जानेवारी १८६७ ला ज्याच्या बापाला वा आजाला मत होतं त्याला माफी. त्या तारखेला लुइझियानातल्या कुठल्या काळ्या बापाला मत होतं? सभा चालू असतानाच एप्रिलमध्ये अमेरिकेनं स्पेनवर युद्ध पुकारलं, क्यूबाला मुक्त करायला. वर्ष संपेपर्यंत फिलिपिन्स दोन कोटी डॉलर मोजून खिशात. त्या बेटांवर काळ्या पलटणी धाडल्या. त्यातला डेव्हिड फेगन नावाचा शिपाई १८९९ ला फिलिपिनो बंडवाल्यांना जाऊन मिळाला. त्याच्यावर कुणीतरी नाटक लिहायला पाहिजे.

१८९६ ला लुइझियानात १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १९०० ला ५,३२०.

आणि आता ऐका. हे सगळं झाल्यावर, १९०१ मध्ये, त्याच धक्क्यावर ते परत एकत्र आले. नवी परिषद, ३६ काळे प्रतिनिधी, ३६ गोरे. ह्या वेळी काळ्यांनी गोड शब्दांवर भागवलं नाही. काम निम्मं-निम्मं, हे ठरवून घेतलं. टोळ्यांवरची जुनी मर्यादा गेली. १९०७ च्या ऑक्टोबरात दिवसाला किती गासड्या ठासायच्या यावरून जवळजवळ तीन आठवडे अख्खं बंदर बंद राहिलं. बोलणी करायला कामगारांनी दोन गोरे, दोन काळे नेमले. काळे बदला म्हणून दबाव आला. गोऱ्यांनी बदलले नाहीत.

पुढच्या वर्षी विधिमंडळाची चौकशी समिती धक्क्यावर आली. तिथल्या गोऱ्या आमदारांना सगळ्यात जास्त झोंबलं ते गोरा आणि काळा काम वाटून घेतात हे. त्या आमदारांना काळ्याच्या मताची भीती नव्हती. १९०४ पर्यंत लुइझियानात काळे मतदार राहिले होते १,३४२.